बाहेरून कुलूप

आमच्या दारामागे किल्ल्या अडकवायची एक लाकडी फळी आहे. लग्नात कुणाचातरी आहेर म्हणून आलेली. वर मोर आणि मोराच्या पायाशी सात आकडे. मोराची चोच केव्हाच तुटली, आकडे मात्र शाबूत आहेत. वर्षानुवर्षं त्यांना छत्री, भाजीची पिशवी, दुधाचं कार्ड असल्या वस्तू लटकत. गेल्या महिन्यात छत्रीला जागा मिळेना म्हणून नीट पाहिलं, तर सातही आकड्यांवर किल्ल्याच. दोन आमच्या राहत्या घराच्या, एक माझी आणि एक बायकोची. उरलेली पाच जुडगी पाच घरांची, आणि त्या पाचही घरांत कुणी राहत नाही.

गैरसमज नको. मी जमीनदार नाही, डोंबिवलीत सहाशे चौरस फुटांत राहणारा निवृत्त बँक कर्मचारी आहे. त्या पाचांपैकी एक घर माझं, नेरळचं, ज्याला आम्ही कौतुकाने 'सेकंड होम' म्हणतो. एक गावचं, ज्यात माझा हिस्सा नेमका किती हे काढायला अपूर्णांकांचा अभ्यास लागेल. उरलेली तीन आमच्याच इमारतीतली. समोरचे काका-काकू मुलाकडे न्यू जर्सीला गेलेत, नातवंडं हायस्कूलला पोचली तरी परतलेले नाहीत. वरचा फ्लॅट ठाण्याच्या एका डॉक्टरांनी गुंतवणूक म्हणून घेतला आणि वास्तुशांतीनंतर त्याचं तोंड पाहिलं नाही. तिसरा दोन भावांच्या भांडणात अडकलाय. त्याची किल्ली दोघांनी मिळून माझ्याकडे दिली, कारण एकमेकांवर नसलेला विश्वास दोघांचाही माझ्यावर आहे. "तुम्ही काय, घरीच असता," असं म्हणून प्रत्येकाने किल्ली हातात ठेवली. निवृत्त माणसाच्या हातात लोक काहीही ठेवतात.

किल्ली सांभाळणं हे वाटतं तितकं बैठं काम नाही. रिकाम्या घराचे लाड राहत्या घरापेक्षा जास्त असतात. पंधरवड्यातून एकदा नळ सोडायचे, नाहीतर वायसर आखडतो. फ्लश ओढायचा, नाहीतर मोरीतून झुरळं वर येतात. पंखे पाच मिनिटं फिरवायचे, बाल्कनीतून कबुतरांना हुसकायचं. आणि प्रत्येक बंद घराचा वास असतो. डांबराच्या गोळ्या, ओलसर गादी आणि वर्षापूर्वी कुणीतरी लावलेली उदबत्ती, असा तो मिळून येतो. दार उघडलं की मी उगाच "कोण आहे का?" म्हणतो. कोणी नाही हे मला ठाऊक असतं, पण न विचारता आत शिरणं बरं दिसत नाही.

माझी आई म्हणायची, घरात वाईट बोलू नये, वास्तुपुरुष 'तथास्तु' म्हणत असतो. काकांच्या बंद हॉलमध्ये उभा राहिलो की मला त्या वास्तुपुरुषाची काळजी वाटते. कित्येक वर्षं तो कान देऊन बसलाय आणि कुणी अक्षर बोलत नाही. शेवटचं वाक्य काकूंचं असणार: "गॅस बंद केला ना?" तेव्हापासून तो त्यालाच तथास्तु म्हणतोय. गॅस खरोखरच बंद आहे.

या फेरीत माझ्यासोबत आमच्या कामाच्या मावशी असतात. डॉक्टरांच्या फ्लॅटमध्ये महिन्यातून दोनदा केर-फरशी त्या करतात, पैसे डॉक्टर ऑनलाइन पाठवतात. मावशी टिटवाळ्याच्या पुढून येतात. घरी माणसं सहा, खोली एक. मुलगा रात्रपाळीला जातो तेव्हा सुनेला नीट झोप मिळते, तो दिवसा झोपतो तेव्हा बाकीच्यांनी कुजबुजत वावरायचं. परवा डॉक्टरांच्या मोकळ्या हॉलमध्ये फरशी पुसता पुसता त्या थांबल्या.

"काका, कोण येनार हाय का इथं?"

"नाही हो."

"मग पुसायचं कशाला?"

"धूळ बसते ना, मावशी."

"धूळ आमच्याकडं बी बसती," त्या म्हणाल्या आणि पुढची लादी पुसायला लागल्या.

मी पंखा पाचऐवजी दहा मिनिटं ठेवला. त्यापलीकडे मला काही सुचलं नाही.

रिकामं घर म्हणजे नक्की काय, हा प्रश्न पहिल्यांदा आमच्या दारात आला तो २०१० च्या उन्हाळ्यात. जनगणनेच्या आधी घरांची यादी करतात, त्यासाठी जवळच्या शाळेतले एक गुरुजी आले होते. भर मे महिन्यात, खांद्याला झोळी, हातात भलामोठा फॉर्म आणि दाराच्या चौकटीवर आकडा टाकायला खडू. आमची माहिती पटकन झाली. नळ आहे, संडास आहे, टीव्ही आहे, सायकल होती पण चोरीला गेली. मग त्यांनी समोरच्या दाराकडे पेन्सिल केली. "हे रिकामं का?"

"छे हो," बायको म्हणाली, "रिकामं कसं? त्यांचं सगळं सामान आहे आत."

"माणसं?"

"माणसं येतील की."

"कधी?"

"तसं नक्की नाही सांगता येत."

गुरुजींनी पेन्सिल कानावर ठेवली. त्यांना सरकारने व्याख्या दिली होती, पण त्या व्याख्येत आमची बायको नव्हती. आपल्याकडे 'रिकामं' म्हणणं अशुभच. कुंकू संपलं तरी आपण 'वाढलं' म्हणतो. घराला रिकामं कसं म्हणणार? घर 'बंद' असतं. बंद म्हणजे उघडायची शक्यता असलेलं. गुरुजींनी शेवटी काय लिहिलं ते मला दिसलं नाही. पण त्या जनगणनेत देशभरात साधारण ३३ कोटी घरं मोजली गेली आणि त्यांतली जवळजवळ अडीच कोटी रिकामी निघाली. शहरांतलीच एक कोटी अकरा लाखांच्या घरात. माझी खात्री आहे, त्या प्रत्येक घरासमोर एकेक बाई उभी राहून "रिकामं कसं?" म्हणाली असणार, आणि तरीही आकडा एवढा आला.

त्याच सुमाराला सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञांनी हिशेब मांडला होता की शहरांत सुमारे एक कोटी अठ्ठ्याऐंशी लाख घरं कमी आहेत. म्हणजे डाव्या खिशात कोटभर घरं आणि उजव्या खिशाला पावणेदोन कोटींहून मोठं भोक. मी बँकेतला माणूस; दोन खात्यांमध्ये असं दिसलं की आम्ही सरळ एकातून दुसऱ्यात वळतं करतो. इथे तसं होत नाही. त्या तुटीत उघड्यावर झोपणारे लोक फार थोडे होते. जवळपास दीड कोटी कुटुंबं अशी होती की ज्यांना छप्पर आहे, पण त्या छपराखाली मावायला जागा नाही. लग्न झालेल्या जोडप्याला स्वतंत्र खोली नाही, ही कागदावरची व्याख्या. मावशींची सून रात्रपाळीच्या दिवशी नीट झोपते, ही त्याच व्याख्येची आमच्याकडची प्रत.

मला या सगळ्यात सारखी एसटी दिसते. स्टँडवर गाडी लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पेपर, वेळ पडली तर लहान मूलसुद्धा आत टाकायचं आणि जागा धरायची. मग आपण निवांत चहाला जायचं. गाडी भरते, माणसं दांड्याला लोंबकळतात, आणि चार-पाच जागांवर रुमाल ऐसपैस बसलेले असतात. आपला रुमाल उचलण्याची कुणाची छाती होत नाही, कारण प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी रुमाल टाकलेला आहे. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने सांगितलं की देशात सर्वांत जास्त रिकामी घरं मुंबईत आहेत, जवळपास पावणेपाच लाख. दिल्ली, बंगळूर मागे. जिथे सगळ्यांत जास्त माणसं दांड्याला लोंबकळतायत, तिथेच सगळ्यांत जास्त रुमाल.

लोक म्हणतात, ही श्रीमंतांची हाव. असेल काही अंशी. टॉवरांतले जे मजले वर्षानुवर्षं अंधारात असतात त्यांबद्दल मी बोलत नाही. तिथे काळ्या-पांढऱ्या रंगाचा प्रश्न असतो आणि तो माझ्या ओळखीतला नाही. पण माझ्या फळीवरची पाच जुडगी हावेची नाहीत. ती भीतीची आहेत.

ही भीती आमच्या लहानपणीच कानावर पडली. आत्याचं सासर पुण्याच्या पेठेत, मोठा वाडा, सहा भाडेकरू. मुंबई इलाख्याचा भाडेनियंत्रण कायदा १९४७ चा आणि त्याने भाडं मोजायला हिशेब धरला तो १ सप्टेंबर १९४० चा. युद्धाच्या आणि फाळणीच्या धबडग्यात माणसांना बेघर होण्यापासून वाचवणारा तो कायदा होता, आणि त्याने वाचवलंही. पण युद्ध संपलं, फाळणीत आलेली माणसं नातवंडांची झाली, आणि आत्याच्या वाड्यातलं भाडं साडेनऊ रुपयेच राहिलं. आत्याचे यजमान पहिल्या तारखेला वहीवर सहा सह्या घेत. त्या पैशांत जिन्यातला बल्ब बदलणंही अवघड. मग भिंत पडायला आली तरी मालक दुरुस्त करीना आणि भाडेकरू हलेना. "आयत्या बिळावर नागोबा" ही म्हण आत्याच्या घरात दिवसातून चार वेळा निघे. वाड्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मात्र तिने मरेपर्यंत कुणाला दिल्या नाहीत. त्यात पिंपं आणि पाट होते.

नंतर कायदे बदलले. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडेनियंत्रण कायदा २००० साली लागू झाला. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवला असेल आणि मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, वर दुप्पट भरपाई मागता येते. कागदावर नागोबाचे दात काढलेले आहेत. मी बँकेत असताना हे चार लोकांना समजावून सांगितलंय. आणि तरीही नेरळचं घर कायम भाड्याने द्यायचा विषय निघाला तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "नको बाबा, उगाच अडकून बसेल." बोललो मी, आवाज आत्याचा होता.

आता अकरा महिन्यांचंच घ्या. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर लोक अकरा महिन्यांवर थांबतात. आपल्या राज्यात मात्र करार कितीही दिवसांचा असो, नोंदणी करावीच लागते. म्हणजे अकराला इथे काही अर्थ उरलेला नाही. पण करार अकराचाच होतो. मी एका एजंटला विचारलं, बाराचा का नाही? तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी सत्यनारायणाला पाचऐवजी सहा अध्याय वाचायला सांगितलेत.

भीती फक्त मालकाची असते असंही नाही, आमच्या सोसायटीलाही आहे. आमच्याकडे, आणि बहुतेक गृहनिर्माण सोसायट्यांत, 'नॉन ऑक्युपन्सी चार्जेस' नावाचा आकार आहे. नाव ऐकून वाटेल की घर रिकामं ठेवलं तर हे पैसे लागत असतील. तसं नाही. घर कुलूप लावून दहा वर्षं ठेवा, एक पैसा लागणार नाही. त्यात भाडेकरू आणून बसवा, माणसं नांदायला लागू द्या, की 'नॉन ऑक्युपन्सी' सुरू. कारण मालक राहत नाही ना! सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घ्यावेत अशी सरकारने मर्यादा घातली आहे. नाहीतर काही सोसायट्यांनी त्यावर लिफ्ट बदलून घेतल्या असत्या. वार्षिक सभेत मी एकदा उठून सुचवलं की आकार उलटा करू या: बंद घराला लावू आणि भाडेकरूवाल्याला सोडू. सभेत बंद फ्लॅटांचे मालक हजर नव्हते, कारण ते राहतच नाहीत. तरीही ठराव एकमताने फेटाळला गेला. चहानंतर सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचंही नेरळला आहे ना एक?"

प्राप्तिकर खात्याने मात्र एके काळी बंद घराकडे फार कल्पकतेने पाहिलं होतं. एक घर राहण्यासाठी माफ; दुसरं बंद असलं तरी ते भाड्याने दिलंय असं धरायचं आणि त्या न मिळालेल्या भाड्यावर कर घ्यायचा. नेरळच्या घराच्या पहिल्या काही वर्षांत आम्हाला असा एक काल्पनिक भाडेकरू होता. बायको त्याच्याबद्दल फार आपुलकीने बोले. खिळे ठोकत नाही, मांसमच्छी शिजवत नाही, रात्री उशिरा येत नाही. २०१९ च्या अर्थसंकल्पात सरकारने दुसरं घरही माफ केलं आणि आमचा एकुलता एक भाडेकरू घर सोडून गेला. डिपॉझिटसुद्धा न मागता.

नेरळच्या घराची जन्मकथा फारशी वेगळी नाही. एका रविवारच्या पेपरात पानभर जाहिरात, माथेरानचा डोंगर, ढग, आणि ढगात एक कुटुंब. त्यातला माणूस माझ्याच वयाचा, पण पोट नसलेला. स्टेशनपासून गाडीने फुकट नेऊन दाखवत होते, वर वडापाव. हप्ते बसले. पहिल्या वर्षी आम्ही चौदा वेळा गेलो. दुसऱ्या वर्षी सहा वेळा. तिसऱ्या वर्षी बायकोने जे वाक्य उच्चारलं ते प्रत्येक सेकंड होमवाल्याच्या घरात कधीतरी उच्चारलं जातं: "आपण इथे विश्रांतीला येतो की केर काढायला?" शनिवारी दुपारी पोचायचं, जळमटं काढायची, उंदराने कुरतडलेली उशी फेकायची, टाकीत पाणी का येत नाही याचा शोध लावायचा. रविवारी सगळं चकचकीत झालं की चार वाजता कुलूप लावून कर्जतहून येणारी लोकल पकडायची. कुणी राहायचं नाही, वीज जाळायची नाही, तरी बिलात स्थिर आकार येतोच. एकदा मी देखभाल, घरपट्टी, वीज आणि गाडीभाडं एकत्र करून तिथे प्यायलेल्या चहाच्या कपांनी भागलं. आमचा एक कप चहा सातशे चाळीस रुपयांना पडतो. बायको म्हणाली, "मग आता अर्धाच घेत जा."

भाच्याने यावर उपाय काढला. मोबाइलवर फोटो टाकायचे, शनिवार-रविवार पाहुण्यांना द्यायचं. त्याने येऊन भिंतीवरची देवाची दिनदर्शिका उतरवली, माझी आरामखुर्ची तिरकी ठेवली, खिडकीत एक कुंडी मांडली, आणि फोटोतलं घर मला ओळखूच येईना. तिथे जायची मलाच इच्छा झाली. पहिले पाहुणे आले, गेले, आणि शेरा लिहून गेले: दृश्य सुंदर, पाणी कमी, हॉलमधल्या आजोबांचा फोटो रात्री घाबरवतो. ते माझे वडील. आम्ही त्यांना आतल्या खोलीत हलवलं. वडील हयात असताना कुणाची त्यांना जागचं हलवायची टाप नव्हती.

पैसे मात्र बरे आले. नेमकं इथेच माझं गणित बिघडलं. महिनाभर भाड्याने दिलं असतं तर जे मिळालं असतं, ते दोन शनिवार-रविवारांत मिळून गेलं. उरलेले सव्वीस-सत्तावीस दिवस घर पुन्हा रिकामं, पण आता ते अपराधी वाटत नव्हतं. त्याच महिन्यात तिथल्या पंचायतीच्या दवाखान्यात नव्याने आलेली एक परिचारिका खोली विचारत होती, आमच्या वॉचमनने तिला पाठवलं होतं. मी तिला म्हटलं, शनिवार-रविवार सोडून राहाल का? वाक्य तोंडातून गेल्यावर मला त्यातली गंमत कळली. तिला कळली नाही. ती नुसतंच "नाही परवडायचं" म्हणाली आणि पाणी पिऊन गेली.

समुद्राकाठी, डोंगरात, जिथे म्हणून दृश्य चांगलं आहे तिथे हेच चाललंय. अलिबागच्या बाजूला, पाचगणीला, आणि सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर गोव्यात. गोव्यात २०११ च्या मोजणीत दर पाच घरांमागे साधारण एक रिकामं निघालं होतं. त्यात काही दिल्ली-मुंबईकरांचे बंगले, आणि बरीचशी जुनी घरं, ज्यांचे वारस लिस्बन, आखात, माहीम असे पांगलेले. पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने मुलगा-मुलगी सगळ्यांना वाटा. न्यायाला धरून आहे, पण चौतीस सह्या गोळा होईपर्यंत छप्पर थांबत नाही. त्यातलं एखादं घर कुणीतरी सह्या जमवून विकत घेतो, बाल्कांव रंगवतो, तळं खोदतो आणि रात्रीच्या भावाने देतो. गावात जन्मलेल्या पोराला मग त्याच गावात भाड्याची खोली परवडत नाही.

दुसऱ्या देशांनी काय काय करून पाहिलंय ते वाचताना करमणूक होते. कॅनडातल्या व्हँकूवर शहरात २०१७ पासून रिकाम्या घरावर कर आहे. दरवर्षी मालकाने लिहून द्यायचं की घरात कुणी राहतं. लिहून दिलं नाही तर रिकामं धरतात. आमच्या बायकोसमोर हा कर एक दिवस टिकला नसता. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत नव्वद लाख घरं रिकामी निघाली, सातातलं एक. तिथे माणसंच कमी होतायत, त्यामुळे खेड्यातली जुनी घरं मातीमोलाने देऊ करतात आणि तरी कुणी घेत नाही. हे वाचताना मला जपान दिसत नव्हता. मला आमचं देवरुखजवळचं गाव दिसत होतं.

आमच्या गावच्या घराला अकरा खोल्या, दोन पडव्या, माळा, पुढे खळं. घरपट्टीच्या उताऱ्यावर नावं चौदा. पैकी चार वर गेलेली आणि तीन परदेशात. दाराला कुलपं दोन. एक थोरल्या दादाचं, एक मधल्या काकांच्या मुलाचं, कारण २००३ साली फणसाच्या झाडावरून दोघांचं वाजलं. बँकेच्या लॉकरसारखं आहे, दोन्ही किल्ल्या एकदम लागतात. दोघांनीही आपली एकेक जादा किल्ली माझ्याकडे दिली आहे, त्यामुळे माझं ते जुडगं जड आहे. वर्षात तिथे नेमाने राहणारा एकच, गणपती. गौरी जाईपर्यंत तो राहतो, आम्ही सगळे त्याच्या मागून तेवढेच दिवस. एरवी वाडीतले तात्या सकाळी अंगण झाडतात आणि संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावतात. माकडं कौलं उलटीपालटी करतात, वाळवी आपलं काम करते. पावसाळ्यापूर्वी घर शाकारायला पैसे कुणी किती द्यायचे यावर दरवर्षी मे महिन्यात व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर महाभारत होतं, आणि तोवर पाऊस येतो.

मागच्या जूनमध्ये तात्यांचा फोन आला. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नव्या बाई आल्या होत्या, लातूरकडच्या. दोन वर्षांचं मूल आणि सोबत आई. गावात खोली मिळेना. "दोन खोल्या दिल्या पडवीकडच्या तर? घर हालतं राहील. दिवा तरी आतून लागेल," तात्या म्हणाले. मी लगेच ग्रुपवर टाकलं. थोरला दादा म्हणाला, हरकत नाही, पण बाकीच्यांना विचारा. मधला म्हणाला, दादाची हरकत नसेल तर माझी आहे. पुण्याच्या वहिनींनी लिहिलं, गणपतीत त्यांनी खोल्या मोकळ्या करायच्या, कबूल आहे का? बोस्टनच्या पुतण्याने विचारलं, करार अकरा महिन्यांचा ना? एका चुलतबहिणीने हात जोडल्याचं चित्र टाकलं, ते होकाराचं की निरोपाचं हे अजून कळलेलं नाही. दोघांनी 'नंतर बघू' लिहिलं. आणि एकाने, मी नाव घेत नाही, पण तो मी होतो, लिहिलं की एकदा आत आल्या आणि निघाल्याच नाहीत तर?

बाईंनी देवरुखला खोली घेतली. रोज एसटीने येतात-जातात.

यंदा गौरी-गणपती गेल्यावर मी मागे थांबलो, आवराआवर केली, दोन्ही कुलपं लावली, ओढून पाहिली. संध्याकाळच्या एसटीने देवरुख, पुढे संगमेश्वर, रात्रीची गाडी. एसटी वाडीवर आली तेव्हाच भरलेली होती. पण माझ्यासोबत थांबलेला एक पुतण्या वरच्या थांब्यावर जाऊन आधीच चढला होता आणि खिडकीशी एक जागा स्वतःसाठी, तर शेजारच्या जागेवर माझ्यासाठी रुमाल टाकून बसला होता. त्याच्या पलीकडे आणखी एक रुमाल होता, दादासाठी. दादा काही आलाच नाही. आदल्या रात्रीच कुणाच्या गाडीतून निघून गेला होता. शाळेच्या थांब्यावर बाई चढल्या. खांद्यावर पर्स, हातात वह्यांचा गठ्ठा, एक हात वरच्या दांड्याला. गाडी घाटात वळली तशा वह्या घसरल्या.

मी दादाचा रुमाल उचलला. "बसा, बाई."

त्या बसल्या. वह्या मांडीवर नीट लावल्या. घाट उतरून होईपर्यंत आम्ही दोघंही गप्प होतो. मग त्यांनी सहज, खिडकीबाहेर बघतच विचारलं, "त्या घराचं काही ठरलं का हो?"

दादाचा रुमाल अजून माझ्या हातात होता. मी त्याची घडी घातली.

"ग्रुपवर टाकलंय," मी म्हणालो.